परक्या देशात भाषेची अट



जर्मनीत राहणाऱ्या पतीकडे जाऊ इच्छिणाऱ्या तुर्की किंवा मोरोक्कन स्त्रीला २००७ पासून, काही सवलती वगळता, प्रवासापूर्वीच प्राथमिक जर्मन भाषेची परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. नेदरलँडने अशी परीक्षा २००६ मध्येच सुरू केली. ही सक्ती न्याय्य आहे काय? आपल्याकडे अशा बातम्या वाचून 'हा मुसलमानांवरील जुलूम आहे' असे चटकन म्हटले जाते. आपण थोडे थांबून विचार करावा, अशी विनंती आहे.

पवित्र कुरआनाने भाषांच्या विविधतेस अल्लाहच्या निशाण्यांमध्ये गणले आहे (सूरह रूम, आयत २२). तेव्हा कोणतीही भाषा तुच्छ नाही, आपली नाही आणि यजमानांचीही नाही. आदरणीय प्रेषितांनी (स.) ह. जैद बिन साबित (रजि.) यांना यहुद्यांची लिपी शिकण्याचा आदेश दिला आणि त्यांनी ती अल्पावधीत आत्मसात केली, हे हदीसमध्ये नमूद आहे. हबशाला हिजरत केलेल्या कुटुंबातील ह. उम्मे खालिद (रजि.) लहानपणी मदीनेत आल्या, तेव्हा त्यांच्या अंगावरील वस्त्र पाहून प्रेषितांनी (स.) कौतुकाचा शब्द उच्चारला, तोही हबशी भाषेतला. बुखारी शरीफमध्ये ही हकीकत आहे. ज्या भूमीने मुहाजिरांना आश्रय दिला, तिची बोली त्यांच्या मुलांच्या तोंडी आली म्हणून कोणाचा ईमान डळमळला नाही. घरात उर्दू वा कोकणी, शाळेत मराठी आणि नमाजमध्ये अरबी असे आयुष्य जगणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगावयास नको.

मग शिकणे इष्ट असेल, तर सक्ती करण्यात गैर काय? येथे इतिहास पाहावा लागतो. १९६१ च्या करारान्वये जर्मनीने तुर्कस्तानातून कामगार बोलावले. त्यांना 'पाहुणे कामगार' म्हटले गेले. पाहुणा परत जाणार, मग त्याला भाषा कशाला? शासनाने शिकवली नाही, कारखान्याने शिकवली नाही. कोणतीही अट नव्हती, पण ती उदारता नव्हती. त्या माणसाला आपल्यातला मानलेच नव्हते. (आखातात आयुष्य घालवलेल्या आपल्या रत्नागिरी-रायगडच्या बांधवांनाही अरबीची अट कोणी घातली नाही आणि नागरिकत्वही कोणी दिले नाही.) २००५ मध्ये जर्मनीने सुमारे ६०० तासांचे भाषावर्ग कायद्याने सुरू केले. उशिरा का होईना, 'तुम्ही इथेच राहणार आहात' याची ती कबुली होती. अशी अट, जिच्यासोबत वर्ग, शिक्षक आणि वेळ दिला जातो, ती मला जुलूम वाटत नाही. परक्या देशात राहण्याची परवानगी हाही एक करार आहे, आणि करार पाळण्याबद्दल विचारणा होईल, असे कुरआन बजावते.

पण शिकवण्याआधीच परीक्षा घेणे आणि नापास झाल्यास पती-पत्नीस वेगळे ठेवणे ही गोष्ट निराळी. खेड्यात राहणाऱ्या, कधी शाळेत न गेलेल्या स्त्रीने दूरच्या शहरातील वर्गाचे शुल्क कोठून भरावे? शिवाय अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया यांच्या नागरिकांना या दोन्ही देशांनी ही पूर्वपरीक्षा माफ केली आहे. समाजात मिसळण्यासाठी भाषा अनिवार्य असेल, तर ती जपानी माणसालाही तितकीच अनिवार्य असावयास हवी. न्यायाचे माप असे माणूस पाहून बदलत नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१५ मध्ये नेदरलँडच्या प्रकरणात सांगितले की, परीक्षा घेण्यास हरकत नाही. मात्र कुटुंबाचे एकत्र येणेच अशक्य वा अतिशय कठीण होता कामा नये, आणि व्यक्तीचे वय, शिक्षण, आरोग्य, आर्थिक स्थिती विचारात घेतली जावी. अल्लाह कोणावरही त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकत नाही, हे जाणणाऱ्यांना हा निकाल परका वाटू नये.

आता आपल्या बाजूचेही बोलले पाहिजे. भाषा न येणारी आई डॉक्टरांकडे जाते, तेव्हा दुभाषी म्हणून दहा-बारा वर्षांचा मुलगा सोबत असतो. आपल्या देहाचे दुखणे तिने त्या लेकराच्या तोंडून सांगायचे! वर्ग उपलब्ध असूनही पत्नीला तेथे पाठवण्यास काही पुरुष नकार देतात आणि त्यासाठी पडद्याचे कारण पुढे करतात. ज्या दीनच्या नावाने हे सांगितले जाते, त्यात मदीनेच्या स्त्रियांनी शिक्षणासाठी स्वतंत्र दिवस मागितला होता, आणि प्रेषितांनी (स.) तो दिला होता.