धुक्यातला नेम

मराठीत ‘नेम’ या एका शब्दाचे तीन अर्थ आहेत. गोटीचा किंवा बंदुकीचा नेम धरतात, तो एक. कार्तिकात पहाटे उठून काकडआरतीस जाण्याचा घरातील वडीलधाऱ्यांचा नेम असतो, तो दुसरा. आणि ‘पावसाचा काही नेम नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा भरवसा हा तिसरा अर्थ मनात असतो. दिल्लीच्या हिवाळ्यात गोल्फ खेळत राहणे हा असा उद्योग आहे की, त्यात हे तिन्ही अर्थ एकाच सकाळी एकत्र भेटतात. धुक्याचा नेम नसतो, चेंडू मारताना नेम धरावयाचा असतो आणि रविवारचा नेम चुकवावयाचा नसतो.

केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात कारकुनी करणाऱ्याने गोल्फविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. हा खेळ साहेबलोकांचा, अशी आपली समजूत आहे आणि ती निराधार नाही. लोदी वस्तीलगतचे मैदान १९३०च्या दशकात आखले गेले ते नव्या राजधानीतील राज्यकर्त्यांसाठी. १९५० साली त्यास ‘दिल्ली गोल्फ क्लब’ हे नाव मिळाले, आणि तेथील मुघलकालीन थडग्यांच्या शेजारून चेंडू मारीत जाण्याचे भाग्य आजही फार थोड्यांच्या वाट्यास येते. परंतु २००० साली दिल्ली विकास प्राधिकरणाने लाडोसरायला, कुतुबमिनाराच्या परिसरात, सार्वजनिक मैदान उघडले आणि सदस्य नसलेल्या माणसालाही शुल्क भरून खेळता येऊ लागले. नियमाने चौदा काठ्या बाळगण्याची मुभा आहे. माझ्यापाशी जुन्या बाजारातून घेतलेल्या सात आहेत, आणि माझ्या खेळास त्या पुरतात.

दिल्लीचा हिवाळा या खेळास वाईट असतो असे मुळीच नव्हे. जानेवारीतील दुपारच्या कोवळ्या उन्हात मैदान फुलून जाते. परंतु संसारी माणसाची रविवारची दुपार घरची असते. म्हणून उरते ती सकाळ. त्या दिवसांत सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास, आणि पुष्कळदा उगवला तरी दिसत नाही. थंडीने मैदानावरील गवताची वाढ थांबते. हे गवत म्हणजे आपल्या गणपतीला वाहावयाची दूर्वाच. इंग्रज तिला बर्म्युडा म्हणतो एवढेच. ती पिवळी पडून झोपी जाते आणि चेंडू उघड्या मातीवर बसतो. शिवाय अलीकडील वर्षांत नोव्हेंबरपासून हवेत जो धूर साचतो, त्याने सकाळी बाहेर पडणे शहाणपणाचे आहे की नाही, हाही प्रश्न उभा राहतो. ज्या दिवशी हवा अगदीच विषारी असते, त्या दिवशी घरी बसावे, हेच मला योग्य वाटते. नेम म्हणजे हट्ट नव्हे.

आपल्याकडे जत्रेस येणाऱ्यांचे तीन वर्ग सांगतात: हौशे, नवशे आणि गवशे. गोल्फच्या मैदानासही हे वर्गीकरण चपखल लागू पडते. फेब्रुवारीत, फुलांचे ताटवे बहरतात तेव्हा, हौशे येतात. बढती, बदली, ठेका यांची बोलणी ज्यांना हिरवळीवर करावयाची असतात, ते गवशे बारमाही असतात. परंतु धुके त्यांनाही मानवत नाही, कारण ज्यांना गाठावयाचे ते साहेब रजईत असतात. डिसेंबरच्या अखेरीस सकाळी साडेसात वाजता येतात ते केवळ नवशे. अशा वेळी चौकडी पुरी होत नाही आणि चौथा भिडू म्हणून माझ्यासारख्यास बोलावणे येते. एरवी ज्यांच्या खोलीत मी फाईल घेऊन उभा राहतो, त्यांच्या दर्जाच्या माणसांबरोबर मी चार तास चालतो. धुंधुरमासात पहाटेच्या जेवणाला जशी एक वेगळी चव असते, तशी या समानतेलाही असते. ती उन्हाबरोबर विरते, हे मला ठाऊक आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. हवामानखात्याच्या भाषेत दोनशे मीटरपलीकडचे दिसेनासे झाले की धुके ‘दाट’ समजतात. तेवढे धुके असले तर खेळ थांबतो, व थांबलाच पाहिजे. परंतु त्याहून विरळ धुक्यात पलीकडच्या झाडाची आकृती दिसते. पांढरा चेंडू मात्र त्याच्या कितीतरी अलीकडे नाहीसा होतो. मग ज्याचा तो आपापल्या चेंडूच्या शोधात निघतो. शोधण्यास तीन मिनिटे मिळतात. २०१९ पूर्वी पाच मिळत असत. तेवढ्यात चेंडू सापडला नाही, तर एका फटक्याचा दंड घेऊन पुन्हा मूळ जागी यावे लागते. विलायती बाभळीच्या झुडपात चेंडू सापडला, पण मारता येण्याजोगा नाही, आणि बुटाच्या टोकाने तो वीतभर सरकवला, तर ते कोणास कळणार? या खेळात पंच नसतो. रविवारच्या खेळात तर नसतोच नसतो. खेळाडूने आपला दोष आपणच सांगावा, या एका गृहीतावर सारा खेळ उभा आहे.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये ग्लॉकन एका मेंढपाळाची कथा सांगतो. त्यास अशी अंगठी मिळते की, ती फिरवताच तो अदृश्य होतो. आणि अदृश्य होताच तो राणीला वश करून राजाला मारतो व राज्य घेतो. ग्लॉकनचा सवाल असा की, पकडले जाण्याचे भय नसेल तर न्यायी माणूस आणि अन्यायी माणूस यांत फरक तो कोणता उरेल? दिल्लीचे धुके ही अंगठी दर हिवाळ्यात सर्वांना फुकट वाटते. फरक इतकाच की, मेंढपाळास राज्य मिळाले. हौशी खेळाडूस मिळतो तो एक आकडा. ना बक्षीस, ना पगारवाढ. खोट्या आकड्याने त्याचा हँडिकॅप खोटा होतो, म्हणजे आपण कसे खेळतो याविषयी तो स्वतःशीच खोटे बोलतो. चोरीत निदान ऐवज तरी हाती लागतो. येथे चोर आणि ज्याची चोरी झाली तो, दोघे एकच.

या संदर्भात अमेरिकेच्या बॉबी जोन्सचे उदाहरण नेहमी दिले जाते. स्पर्धांच्या साऱ्या कारकिर्दीत हौशी राहिलेल्या या खेळाडूने १९२५ सालच्या यू. एस. ओपन स्पर्धेत, उंच गवतात आपला चेंडू किंचित हलल्याचे स्वतः सांगून एक फटका दंड म्हणून घेतला. इतर कोणी ते पाहिले नव्हते. तो फटका नसता तर तो तेथेच जिंकला असता. तो घेतल्यामुळे बरोबरी झाली आणि पुढील निर्णायक खेळात तो एका फटक्याने हरला. उदाहरण थोर आहे. परंतु मला त्यातून पुरते उत्तर मिळत नाही. जोन्सभोवती सारे जग होते. त्याने सांगितले ते जगाने ऐकले आणि आजतागायत सांगितले. ज्याचे सत्य कोणी ऐकणार नाही आणि ज्याच्या असत्याने कोणाचे अडणार नाही, अशा माणसाने धुक्यात काय करावे, हा माझा प्रश्न आहे.

यावर एक युक्तिवाद असा केला जातो की, प्रतिकूल काळात नियम थोडे सैल करण्यात वावगे काय? खेळाचे नियम करणाऱ्यांनीही ते मान्य केलेच आहे. गवत खराब झाले असेल तर मैदानाची समिती स्थानिक नियम करू शकते. त्यास खेळाडू ‘विंटर रूल्स’ म्हणतात. त्यानुसार चेंडू उचलावा, पुसावा आणि होलच्या अधिक जवळ न नेता ठरावीक अंतराच्या आत ठेवावा. मग समितीने जे दिले, ते माणसाने स्वतः घेतले तर बिघडले कोठे? सरकारी नोकरांस याचे उत्तर शिकवावे लागू नये. आपल्या भरतीच्या नियमांत बहुधा शेवटी शेवटी एक कलम असते: आवश्यक वा इष्ट वाटल्यास केंद्र सरकार, कारणे लेखी नमूद करून, एखाद्या वर्गाच्या बाबतीत कोणतीही तरतूद शिथिल करू शकेल. या कलमात साऱ्या विवेकाचे सार आहे. सवलत अधिकार असलेल्याने द्यावी, ती एका माणसास नव्हे तर वर्गास द्यावी, आणि कारण लिहून ठेवावे. जी सवलत उघड्यावर, सर्वांना आणि आगाऊ सांगून दिली जाते, ती नियमाचाच भाग होय. जी आपली आपण, एकट्यासाठी आणि धुक्याच्या आडून घेतली जाते, तिला दुसरे नाव आहे.

एका हिवाळ्यातील गोष्ट सांगतो. मैदानाचे आणि माणसाचे नाव सांगण्याचे कारण नाही. छोटी स्पर्धा होती आणि एका वरिष्ठ अधिकाऱ्यांचे कार्ड लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. त्यांचा चेंडू धुक्यात डावीकडे झुडपांच्या दिशेने गेला. मी माझ्या चेंडूपाशी होतो. थोड्या वेळाने त्यांचा चेंडू झुडपाबाहेरून, स्वच्छ जागेवरून उडालेला मी पाहिला. ते होल संपल्यावर मी पेन्सिल काढून विचारले, “साहेब, किती लिहू?” ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, “सात लिहा.” मी सात लिहिले. तो आकडा खरा की खोटा, याचा निवाडा मी करू शकत नाही, कारण चेंडू झुडपात कसा पडला होता हे मी पाहिले नव्हते. पाहिले होते ते त्यांच्या कॅडीने. तो पिशवी खांद्यावर घेऊन आमच्यापासून चार पावलांवर उभा होता, आणि त्यास कोणी काहीच विचारले नाही.

तेव्हापासून या प्रश्नाची मांडणीच मला चुकीची वाटू लागली आहे. ‘कोणी पाहत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की, जो पाहतो आहे तो आपल्या लेखी ‘कोणी’ नाही. धुक्यात खेळाडूचे भिडू दिसेनासे होतात. कॅडी मात्र सदैव बरोबर असतो, किंबहुना चेंडू शोधतो तोच. तो सर्व पाहतो आणि काही बोलत नाही, कारण बोलला तर पुढच्या रविवारी त्याच्या खांद्यावर पिशवी येणार नाही. मला हे उमजावे यात नवल नाही. कार्यालयात साहेब दार लावून घेतात आणि ‘येथे कोणी नाही, मोकळेपणाने बोला’ असे समोरच्यास सांगतात, तेव्हा कोपऱ्यात टिपण उतरवून घेणारा मी असतोच. मंत्रालयातील कारकून हा फायलींचा कॅडी होय. परंतु येथे थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. कारकुनाच्याही घरी कोणी भांडी घासावयास येते, त्याच्याही जिन्याखाली रात्री कोणी चौकीदार बसतो. आपल्या ‘कोणी नाही’ मध्ये कोण कोण बसले आहे, हे ज्याने त्याने मोजून पाहावे.

ग्लॉकनने एका जातीचा साक्षीदार विचारात घेतला: जो शिक्षा करू शकतो तो. त्याच्या नजरेपुढे माणूस नीट वागला, तर ते भय की न्यायबुद्धी, हे सांगता येत नाही, हे खरेच आहे. आपल्या परंपरेने दुसरा साक्षी सांगितला: अंतर्यामी बसलेला. तो थोर आहे. पण आपली समजूत काढण्यात आपण इतके वाकबगार असतो की, त्याच्या नावावर आपलेच मत खपवतो. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा साक्षीदार आहे. तो पाहतो, परंतु आपले काही बिघडवू शकत नाही. त्याच्यासमोर प्रामाणिक राहण्यात भय नसते, कारण तो दुबळा आहे. आणि आत्मवंचनाही सोपी नसते, कारण त्याचे डोळे आपले नव्हेत. त्याच्या नजरेची चाड बाळगणे म्हणजे त्यास माणूस म्हणून मोजणे. नीतीची खरी कसोटी मला येथे दिसते.

परमुलुखात राहणाऱ्या आपणांस तर याची अधिकच गरज आहे. गावी असताना ‘चार माणसे काय म्हणतील’ हा एक पहारा असतो. तो कित्येकदा जाचक असतो, पण असतो. बदलीच्या गावी ती चार माणसे सातारा, नागपूर वा रत्नागिरीस मागे राहतात, आणि ‘येथे आपल्याला ओळखते कोण?’ हे धुके आपल्याभोवती बारा महिने उतरते. अशा वेळी नवी चार माणसे आपणच नेमावी लागतात. ती आपल्या दर्जाची, आपल्या भाषेची असतीलच असे नव्हे. पिशवी वाहणारा तो माणूस अनेकदा आपल्यासारखाच पोटासाठी दूर गावाहून दिल्लीस आलेला असतो.

आता नेमाविषयी एकच गोष्ट उरते. १९६५ साली पी. जी. सेठी या हौशी खेळाडूने व्यावसायिकांना मागे टाकून इंडियन ओपन जिंकली होती. पण आम्हां रविवारच्या खेळाडूंच्या हातून असे काही घडावयाचे नाही, आणि त्यासाठी कोणी थंडीत उठतही नाही. धुक्याच्या सकाळी खेळणारे आले नाहीत, तर फेरीवर पोट असलेल्या कॅडीचा दिवस रिता जातो, ही गोष्ट मला उशिरा ध्यानात आली. हवा सोसण्याजोगी असेल त्या रविवारी तो पहाटे निघतो तो कोणी तरी येईल या भरवशावर. माझ्या खेळात नेम फारसा नाही. परंतु रविवारी सकाळी हा माणूस येतो, एवढे त्याने माझ्याविषयी दुसऱ्या कॅडीस खात्रीने सांगावे, असे मला वाटते. आणि कार्डावरचा आकडा विचारला, तर तो खरा सांगतो, हेही.