मालगुजार ते सरपंच : गावपुढारी घडण्याची वाटचाल

गावाचे पुढारीपण शिकून अंगी येते, हा विचार भंडारा जिल्ह्यात उशिरा रुजला. लाखांदूर तालुक्यातील दिघोरी आणि भोवतालचा धानपट्टा मध्य प्रांतात असताना गावाचा कारभार मालगुजाराकडे होता. १८६० च्या दशकातील जमीनबंदोबस्तात त्याला गावाची मालकी मिळाली आणि पुढारीपण वारशाने मुलाकडे जाऊ लागले. तरी या कारभारात एक अवघड कसब लागतच असे, ते पाणीवाटपाचे. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांवर इथला धान पिकत आला. धान गर्भात असताना पावसाने दडी मारली, की तलावाच्या पाळीजवळच्या बांध्या, म्हणजे धानाची शेते, आधी भरायच्या की पाटाच्या टोकापर्यंत पाणी आधी न्यायचे, हे कोणाला तरी ठरवावे लागते. निर्णय चुकला तर टोकावरच्या कुटुंबाचे वर्ष वाया जाते. हे ज्ञान मालगुजार आणि त्याच्या हाताखालच्या माणसांत राहिले. गावाला ते शिकवावे, असे त्या व्यवस्थेला वाटण्याचे कारण नव्हते.

१९५१ मध्ये मालगुजारी गेली. तलाव सरकारजमा होऊन ‘माजी मालगुजारी’, म्हणजे मामा तलाव झाले. पाण्यावरचे निस्तार हक्क, म्हणजे ते वापरण्याचे परंपरागत हक्क, लोकांकडे राहिले. पण पाळ कोणी बांधायची आणि गाळ कोणी काढायचा, याला धनी उरला नाही. अनेक तलाव उथळ होत गेले. जुना पुढारी गेला होता, नवा तयार व्हायचा होता. याच काळात, १९५५ मध्ये, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ आली. पुढारीपण जन्माने किंवा पैशाने येत नाही, ते सेवेतून कमवावे लागते आणि त्यासाठी कार्यकर्ता घडवावा लागतो, ही तिची भूमिका. गुरुदेव सेवा मंडळांमुळे ती विदर्भातील खेड्यापाड्यांत पोचली. पुढारी घडवता येतो, हे इथल्या माणसाला प्रथम पटवले ते कायद्यापेक्षा या भजनी मंडळांनी, असे म्हणायला हरकत नाही.

कायद्याने खुर्ची दिली. १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आणि १९६२ मध्ये आलेल्या जिल्हा परिषदा यांनी सरपंचाला अधिकार दिले. मात्र खुर्चीवर बरेचदा जुनीच घराणी बसली. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने आणि २०११ मध्ये महाराष्ट्रात महिलांना मिळालेल्या ५० टक्के आरक्षणाने ही चौकट खऱ्या अर्थाने मोडली. ज्यांच्या घरात कारभाराचा वारसा नाही अशी माणसे, विशेषतः स्त्रिया, सरपंच झाली आणि शिकण्याचा प्रश्न उघडपणे समोर आला.

हे शिकणे कागदापासून सुरू होते. ग्रामनिधीच्या धनादेशावर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (२०२४ पर्यंतचा ग्रामसेवक) या दोघांच्याही सह्या लागतात. नमुना ८ मध्ये कर आकारणी कशी मांडली आहे, वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेवरच का खर्चावा लागतो, हे ज्याला कळत नाही त्याची सही नुसती सहीच राहते. आरक्षण फिरते असल्याने कागद समजू लागेपर्यंत पाच वर्षे सरतात आणि पद दुसऱ्या प्रवर्गाकडे जाते. प्रतिनिधित्वासाठी आरक्षण हवेच. पण अनुभव साठवण्याची सोय त्याच्या जोडीला कोणी केली नाही, ही या व्यवस्थेतील मोठी उणीव आहे.

कागदानंतरचा धडा ग्रामसभेत मिळतो. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने तो सर्वांत खोलवर गिरवला. गावातील कार्यकर्ते देवाजी तोफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे निर्णय बहुमताने घेण्याऐवजी सर्वसहमतीने घेण्याची रीत पाडली. आधी अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, मग सभेत मांडायचा, आणि एकाचाही विरोध असला तर थांबायचे. अशा सभेत पुढाऱ्याला स्वतःचे मत रेटता येत नाही. न पटलेल्या माणसाचे ऐकावेच लागते. या वाटेने २००९ मध्ये गावाने सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला.

मोठ्या, अनेक जातींच्या गावात सर्वसहमती तशीच्या तशी उचलता येणार नाही. तिथे सरपंचाची कसोटी वेगळी लागते. थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. त्यामुळे सरपंच एका गटाचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या गटाचे, अशी वेळ येऊ शकते. अशा पंचायतीत मासिक सभेपुढचा ठराव सदस्यांना आधीच भेटून, त्यांच्या वॉर्डातल्या रस्त्या-नालीची अडचण ऐकून घेऊन मांडावा लागतो. हे काम निवडून येण्याइतकेच कठीण असते, आणि पहिल्या खेपेला ते क्वचितच जमते.