देवी खेळते, गुडघा कुणाचा दुखतो?

अंबाजोगाईला योगेश्वरीच्या नवरात्रात संबळ चढला की आराधिणींपैकी एखादीच्या अंगात वारं येतं. गळ्यात कवड्यांची माळ, केस मोकळे. ती घुमते, गिरक्या घेते, फरशीवर टाचा आपटते. एरवी जिना चढताना भिंत धरणारी बाई त्या वेळी दुखण्याचं नावही काढत नाही. सकाळी मात्र गुडघा टम्म सुजलेला. रात्री देवी खेळली, असंच सगळे म्हणतात. मग सूज हिच्या गुडघ्याला का?

प्रश्न थट्टेचा नाही. डॉक्टरांकडे त्याचं एक उत्तर आहे: भावना टोकाला गेली की मेंदू वेदनेचा निरोप काही काळ अडवून धरतो. लढाईत जखमी झालेला शिपाई किंवा सामन्यात पाय मुरगळलेला खेळाडू याच आधारावर पुढे रेटतो. वेदना उशिरा पोचते. इजा मात्र आधीच झालेली असते. पण एवढ्यानं वेदना दबली कशी ते कळतं. गुडघा कुणाचा, हे कोडं तिथंच राहतं.

अंबाजोगाईत हे कोडं जुनंच आहे. शके 1110चा मानला जाणारा मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ अद्वैत मांडतो: आत्मा तेवढा खरा, देह नव्हे. चार शतकांनी याच गावी दासोपंतांनी पंचीकरण, म्हणजे पाच महाभूतांपासून देह कसा घडतो याचा हिशेब, चक्क एका लांबलचक कापडावर लिहून काढला. तीच त्यांची पासोडी. देह खोटा म्हणून सोडून द्यायचा असता, तर त्याची अशी बारकाईनं मोजदाद करायला कोण बसलं असतं? आज त्याच गावात स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तिथली मुलंही हाडं आणि स्नायू मोजतच शिकतात.

तरीही भक्तीला दुःख सोसण्याचं आकर्षण असतंच. कलेच्या भक्तीलाही असतं. विठाबाई नारायणगावकर तमाशा चालू असताना बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्र अभिमानानं सांगतो. त्या बाईला विश्रांती का मिळाली नाही, हे विचारायचं मात्र राहून जातं. सोसणाऱ्याचा गौरव केला की सोसायला लावणाऱ्यांची सुटका होते.

शास्त्रांनी हा गौरव डोळे मिटून केलेला नाही. गीतेचा सतरावा अध्याय शरीरातल्या भूतसमुदायाला, आणि आत वसणाऱ्या ईश्वरालाही, पिडणाऱ्या घोर तपाला आसुरी ठरवतो. भरताचं नाट्यशास्त्र तर थेट तालमीतच उतरतं. चारींच्या, म्हणजे पायांच्या हालचालींच्या, प्रकरणात नर्तकाच्या व्यायामाबद्दल ते सांगतं की अंगाला तेल किंवा यवागू, म्हणजे पातळ पेज, चोळावी, व्यायाम जमिनीवर करावा, कारण जमीन ही व्यायामाची माता. आणि भुकेल्या, तहानलेल्या किंवा पोट तुडुंब भरलेल्या माणसाकडून व्यायाम करून घेऊ नये.

ही माता आता बदलली आहे. शेणानं सारवलेली माती पावलाचा दणका थोडा तरी पोटात घेई. काँक्रीट आणि फरशी तो तसाच परत पाठवतात. अनवाणी टाच आपटण्याचा भार पोटरीवर, टाचेमागच्या जाड शिरेवर आणि पावलाच्या लांब हाडांवर येतो. हे रोज घडलं, मध्ये विश्रांती नसली, की हाडाला बारीक चीर पडते. गोंधळ्यासारखं पोटच या नाचावर असेल तर विश्रांती मिळणार कुठून? गिरक्या एकाच बाजूनं घेतल्या की एका पायावर जास्तीचं काम पडतं. पहाटेच्या सुमारास थकलेला घोटा सहज मुरगळतो, आणि एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा दगा देतो. म्हणून फिजिओथेरपिस्ट सूज उतरल्यावर एका पायावर तोल धरायला लावतात. हा व्यायाम दिसतो पोरखेळासारखा. पण घोटा पुन्हा मुरगळण्याचा धोका त्यानंच कमी होतो.

इथे कालिदास आडवा येतो. शरीर हेच धर्माचं पहिलं साधन, हे वाक्य व्यायामशाळांच्या भिंतींवर असतं. ‘कुमारसंभवा’त ते बटूच्या वेषातला शिव तपश्चर्येत बुडालेल्या पार्वतीला ऐकवतो. ती तप सोडत नाही, आणि तिला शिव मिळतो! म्हणजे देह जपा एवढं सांगून भागत नाही. नवस बोललेल्या बाईला “नाचू नका” म्हणणाऱ्याचं कुणी ऐकणार नाही, आणि ऐकू नये असंही वाटतं. नवस तिचा आहे.

आधुनिक उपचारानंही सरसकट विश्रांतीचा आग्रह केव्हाच सोडला आहे. टाचेमागची शीर दुखत असेल तर ती पूर्वी आराम देऊन जपत. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी 1998 साली उलटं केलं: पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाच सावकाश खाली सोडायची, दिवसातून दोनदा, 12 आठवडे, थोडं दुखलं तरीही. त्यांच्या अभ्यासातले 15 धावपटू पुन्हा धावू लागले. वेदनेला इथे बंदी नाही, पण प्रमाण ठरलेलं आहे. पार्वतीला हा उपचार पटला असता.

बीड जिल्ह्यात अडचण वेगळीच आहे. दसरा सरला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरात्रात नाचलेले पाय लगेच उसाच्या फडात उभे राहतात, डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली. गुडघा किंवा टाच दुखते म्हणून एक कोयता, म्हणजे तोडणी करणारं जोडपं, बसून राहिला तर ती उचल अंगावर फिरते. मग ते 12 आठवडे जायचे कारखान्याजवळच्या कोपीत, जिथे ना दवाखाना हाताशी, ना पायरी. टाच सोडायला एखादा सपाट दगडही चालतो. पण ते दाखवणारं माणूस टोळी निघायच्या आत, घटस्थापनेपासूनच, देवळाच्या आवारात बसलेलं हवं.