थकलेल्या हातांची सेवा



आपण मिस्साला येतो, आजाऱ्यांच्या घरी जातो. पण कधी कधी मन कोरडेच राहते. मग ही सेवा ढोंग तर नव्हे, असा प्रश्न आपल्याला पडतो.

मदर तेरेजांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा कळले की कित्येक वर्षे त्यांनी अंतरी अंधार सोसला. तरी कोलकात्यातील मरणासन्नांची सेवा त्यांनी सोडली नाही. प्रेम म्हणजे केवळ उमाळा नव्हे. दिलेला शब्द पाळणे हेही प्रेमच.

मात्र थकणे हे पाप नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत निजला, तेव्हा देवाने त्याला दटावले नाही. आधी भाकर-पाणी दिले, मग वाटेला लावले. आपणही थकलेल्या सेवकाला बोल लावण्याआधी त्याचा थोडा भार उचलू या.