पाळी घालण्याआधी

सावकाश वाचा. एखाद्या वाक्यापाशी थांबावंसं वाटलं तर थांबा.

मनासमोर मंगळवेढ्याकडचं एखादं काळं रान आणा. मार्च लागला आहे. मालदांडी ज्वारी उपटून झाली, कणसं खुडली, कडबा बांधावर रचला गेला. वरून पाहिलं तर रानात काहीच उरलेलं नाही. पण ताट मुळासकट उपटलं, तरी सगळी मुळं त्याच्याबरोबर येत नाहीत. बारीक मुळं तुटतात आणि मातीतच राहतात. त्यातलं एक मूळ मनानं धरा आणि त्याच्याबरोबर वीतभर खाली उतरा.

या मुळाच्या सालीतल्या पेशींमध्ये एक बुरशी राहते. तिला मायकोरायझा म्हणतात. पेशीत शिरल्यावर तिला फांद्या फुटतात, फांद्यांना आणखी बारीक फांद्या फुटतात, आणि तिथे देणंघेणं चालतं. ज्वारी उन्हात बनवलेली साखर आणि स्निग्ध पदार्थ देते. बुरशी बाहेरून आणलेलं स्फुरद देते. तिला दुसरं अन्न नाही. कुजलेल्या काडीकचऱ्यावर ती जगत नाही, तिला जिवंत मूळच लागतं. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावच्या खडकात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती जशाच्या तशा जपल्या गेल्या आहेत, आणि त्यांच्या पेशींतही अशाच फांद्या दिसतात. ज्वारी, गहू, बाजरी यांपैकी काहीही जगात नव्हतं तेव्हापासूनचा हा व्यवहार आहे. इथं थोडं थांबा.

आता मुळातून बाहेर या, मातीत. स्फुरद पाण्याबरोबर फारसं वाहत येत नाही. काळ्या चुनखडीच्या मातीत तर ते चुन्याशी बांधलेलं असतं. मूळ आपल्या भोवतीचं, मिलिमीटर-दोन मिलिमीटरवरचं स्फुरद लवकर संपवतं, आणि पुढचं स्फुरद तिथवर फार हळू पोचतं. बुरशीचे धागे ही रिकामी झालेली कड ओलांडून कित्येक सेंटिमीटर पुढे जातात. माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाहूनही हे धागे बहुधा बारीक असतात, म्हणून मूळ जिथे शिरू शकत नाही अशा कणांच्या फटींत ते शिरतात. दोन धागे भेटले की कित्येकदा एकमेकांत मिसळून एक होतात. रानभर अशी जाळी विणलेली असते. पीक निघालं तरी ती लगेच मरत नाही. तुटलेल्या मुळांत आणि मातीत ती काही काळ तग धरून असते.

आणि आता रोटाव्हेटर आला.

तो आवाज मनात येऊ द्या. पाती फिरतात, माती भुसभुशीत होते, रान डोळ्यांना देखणं दिसतं. त्या वीतभर थरातली जाळी मात्र तुकडे तुकडे होते. कॅनडातल्या ग्वेल्फ इथल्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मक्यावर हे तपासलं. न हलवलेल्या मातीत कोवळ्या रोपाचं मूळ जुन्या जाळ्याला जाऊन मिळतं आणि पहिल्या काही आठवड्यांत जास्त स्फुरद उचलतं. माती ढवळली की बुरशीला मुळांच्या तुकड्यांपासून आणि बीजाणूंपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. ही आघाडी दरवेळी कणसापर्यंत टिकली असं मात्र नाही. पाणी, नत्र, तण, कीड यांचाही परिणाम पिकावर होतोच. मला महत्त्वाचे वाटतात ते पहिले आठवडे, कारण ज्या रानात साठलेल्या ओलाव्यावरच पीक काढायचं आहे, तिथे रोपाला उशीर परवडत नाही.

रिकामेपणाचाही विचार करा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये डार्लिंग डाऊन्सच्या पठारावर आपल्यासारखीच भेगाळणारी काळी माती आहे. तिथे पाणी साठावं म्हणून रान दीर्घकाळ पडीक ठेवत, आणि ओल भरपूर असूनही पुढचं पीक खुरटत असे. याचं कारण १९८७ मध्ये संशोधक जे. पी. थॉम्पसन यांनी दाखवलं: इतके महिने जिवंत मूळ न मिळाल्यानं ही बुरशी ओसरली होती आणि पिकाला पुरेसं स्फुरद मिळत नव्हतं.

आपल्याकडे रब्बीचं रान मार्चपासून सप्टेंबरपर्यंत मोकळं असतं आणि कुळवाच्या पाळीमागून पाळी पडते. यात शेतकऱ्याची चूक आहे असं मी मानत नाही. तण ओल खातं. ज्वारीतली कोळपणी भेगा बुजवते, ओल धरते, आणि कोरडवाहू रानात ओल हेच पीक आहे. हे एका हातात धरा. दुसऱ्या हातात धरा ती जाळी. घाईनं कुठलाही हात रिकामा करू नका.

मग एकेका पाळीपाशी थांबून विचारा: ही कशासाठी? तणासाठी असेल तर किती खोल हवी? मृगाचा पाऊस साधला तर आधी मूग किंवा उडीद घेता येईल का? त्यांच्या मुळांतही हीच बुरशी राहते आणि ज्वारीला तयार बेवड मिळतो. मोहरी, कोबी, पालक यांच्या मुळांत ती राहत नाही. स्फुरदाचं खत भरमसाट पडलं तरी पीक तिच्याशी व्यवहार कमी करतं.

विचार पुरेसा झाला की एक पट्टा निवडा. तिथे नांगर नको, रोटाव्हेटर नको, तणापुरती उथळ पाळी. शेजारचा पट्टा नेहमीसारखा करा. पेरणीनंतर तीन आठवड्यांनी दोन्हीकडची काही रोपं उपटून शेजारी ठेवा. बुरशी दिसणार नाही. तिला रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. पण रोपाची उंची, मुळांना चिकटून आलेली माती आणि पानांच्या कडांवरची स्फुरदाच्या कमतरतेची जांभळट छटा उघड्या डोळ्यांनी दिसते. ही छटा थंडीनंही येते, म्हणून दोन्ही पट्टे एकाच दिवशी, एकाच बियाण्यानं पेरा.