आयत्या वेळची हाक

कर्तव्य दोन प्रकारचे असते. एकाची वेळ आधीच ठरलेली असते. दुसरे अवचित दारात येऊन उभे राहते. पहिल्यास नियमितपणा पुरतो. दुसऱ्यासाठी मनुष्यास आपली झोप आणि प्रसंगी समोरचे ताटही बाजूस सारावे लागते. अशा हाकेस ओ देणारा किती बांधलेला असतो, आणि हाक मारणारा किती, ह्या प्रश्नाचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

आपल्या भागास अशी हाक अपरिचित नाही. गोंदिया-जबलपूर छोटी लाइन होती त्या काळी आगगाडीच्या ड्रायव्हरच्या दारी रात्री-अपरात्री ‘कॉल बॉय’ येई, त्यास उठवी आणि वहीत सही घेई. देवळातही हेच आहे. पुजाऱ्यास सोयर वा सुतक आले की त्याने गाभाऱ्यात जावयाचे नाही. पण देवाची पूजा चुकता कामा नये. मग दुसऱ्या गुरुजींना निरोप जातो, आणि ते हातचे काम टाकून निघतात.

विमानसेविकेच्या नोकरीत तर ही हाक नित्याची आहे. मराठीत पूर्वी तिला ‘हवाईसुंदरी’ म्हणत. त्या शब्दाने तिचा चेहरा दिसला, काम दिसले नाही. चहा-फराळ देण्यासाठीच ती असते असा समज त्यामुळे पसरला. वस्तुतः तिची नेमणूक असते ती संकटसमयी दार उघडून माणसे बाहेर काढण्यासाठी. निम्मी दारे निकामी झाली तरी विमान ९० सेकंदांत रिकामे करता येते, हे सिद्ध केल्यावाचून मोठ्या प्रवासी विमानास मान्यता मिळत नाही. आपल्या देशात दर ५० आसनांमागे किमान एक सेवक वा सेविका असावी असा दंडक आहे. म्हणजे १८० आसनांच्या विमानास चार जणी हव्यात. त्यांतील एकीला पहाटे ताप भरला तर उरलेल्या तिघींवर भरलेले विमान सोडता येत नाही.

म्हणून काही जणींना ‘स्टँडबाय’ ठेवतात. गणवेश इस्त्री केलेला, बॅग भरलेली, फोन उशाशी. हाक आली की ठराविक वेळात विमानतळ गाठावयाचा, मद्य घेतलेले नाही ह्याची श्वासतपासणी द्यावयाची, आणि आपले दार कोणते हे समजून घेऊन विमानात चढावयाचे. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान धावपट्टीवरील दुसऱ्या विमानावर आदळून पेटले. आठांपैकी तीनच दारे वापरता आली. तरी आतील सर्व ३७९ माणसे जिवंत बाहेर पडली. कोणते दार उघडावयाचे आणि कोणते उघडावयाचे नाही, हे ठरविणारी माणसे जागेवर होती म्हणूनच हे घडले.

ह्यावरून ओ देणाराचे बंधन कळते. तिचे ऋण कंपनीपुरते नाही. ज्याचे नावही तिला ठाऊक नाही अशा प्रवाशाशी ते जडलेले आहे. ३१ जानेवारी २०२० रोजी एअर इंडियाचे विमान दिल्लीहून चीनमधील वूहान शहरी गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ३२४ भारतीयांना घेऊन परतले. रोग नवा होता, त्यावर औषध नव्हते. संपर्क टाळण्यासाठी खाद्यपदार्थ आधीच आसनांवर ठेवले होते. त्या विमानात जे सेवक-सेविका गेले, त्यांनाही घरी आईबाप आणि मुलेबाळे होतीच. पाठोपाठ दुसरे विमानही गेले.

परंतु येथेच थांबलो तर विचार अर्धाच राहील. ‘वेतन घेतात, मग यावेच लागेल,’ असे म्हणणे सोपे आहे. आम्हांस वाटते, हाक मारणाराचेही दोन धर्म आहेत. पहिला असा की, प्रतीक्षा हे कामच मानावे. फोन उशाशी ठेवून घेतलेली झोप ही पुरती झोप नव्हे. त्या दिवशी हाक आली नाही तरी तिने आपला दिवस दुसऱ्याच्या स्वाधीन केलेला असतो. विमानतळावर बसून काढलेला वेळ कामात धरतात. घरी वाट पाहण्यात गेलेल्या वेळाचे वजन मात्र पुष्कळ कमी धरले जाते. दुसरा धर्म असा की, थकलेल्या मनुष्यास ‘आज माझ्याने होणार नाही’ असे निर्भयपणे सांगता आले पाहिजे. पेंगुळलेल्या डोळ्यांनी दिलेला होकार प्रवाशाच्या जिवावर बेतू शकतो. तेथे खरा नकार हेच कर्तव्य ठरते.

हा विश्वास दोन्ही बाजूंनी तुटला म्हणजे काय होते, हे मे २०२४ मध्ये दिसले. व्यवस्थापनाविषयीच्या असंतोषातून एअर इंडिया एक्स्प्रेसच्या शेकडो विमानसेवकांनी आयत्या वेळी एकदम आजारपण कळविले. अनेक उड्डाणे रद्द झाली. कंपनीने २५ जणांना कामावरून काढले आणि समेट होताच परत घेतले. कोण किती चुकले ह्याचा निवाडा आम्ही करीत नाही. मात्र खोळंबला तो प्रवासी. त्याचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता.

आयत्या वेळची हाक ही सवय झाली की तो अन्याय होतो. ती अपवादच राहावी, आणि अपवाद म्हणून येईल तेव्हा तिला ओ मिळावी. हे बंधन आपल्यावरही आहे. आपल्या घरी शांत वा श्राद्ध ठरते, कधी एकाएकी स्वयंपाकास मदतनीस लागते, कधी रात्री दवाखान्यातील परिचारिकेस बोलवावे लागते. तेव्हा येणाराने काय टाकून यावे लागले हे एकदा विचारावे. त्याच्या मोकळ्या वेळेचा मान ठेवावा. आणि ज्यास ‘तयार रहा’ सांगून मग बोलावले नाही, त्याच्या हातीही काही ठेवावे. एवढे आपल्या सभासद कुटुंबांनी केले तरी पुष्कळ झाले.