बाजारात उभे राहिलेले मजूर
(वचन : मत्तय 20:1–16)



प्रभु येशूने द्राक्षमळ्याच्या धन्याचा जो दाखला दिला, तो आमच्या परभणी जिल्ह्यातील मजुरास समजावून सांगावा लागत नाही. पहाटे चौकात उभे राहावे, कोणी बोलावील म्हणून वाट पाहावी, आणि ऊन डोक्यावर आले तरी कोणी बोलावू नये, हे त्याने भोगिले आहे. दाखल्यातील धनी दिवस मावळावयास एकच तास उरला असता बाजारात जातो, तो तेथे माणसे रिकामी उभी. आपणांस कोणी कामास लाविलेच नाही, असे ती सांगतात. आणि धनी त्यांस आळशी म्हणत नाही. जो काम करीत नाही तो, आणि ज्यास काम मिळत नाही तो, हे दोघे जगास सारखेच दिसतात. देवास ते सारखे दिसत नाहीत.

सन 2020 च्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे सर्व देशात टाळेबंदी झाली, तेव्हा लाखो माणसे अशी रिकामी उभी राहिली. आमच्या गंगाखेड, सोनपेठ, पालम ह्या भागांतून ऊसतोडीस जाणारी कुटुंबे दूरच्या कारखान्यांच्या फडांवर अडकली. 17 एप्रिल रोजी सरकारने परवानगी दिली, तेव्हा त्यांस गावाकडे वळता आले. शहरांत बांधकामावर असलेले कित्येक पायीच निघाले. परभणीहून जालन्यावरून मनमाडास जाणाऱ्या आमच्याच लोहमार्गावर, करमाडजवळ, 8 मे रोजी पहाटे मध्य प्रदेशातील 16 मजूर मालगाडीखाली सापडून मरण पावले. जालन्याहून चालत निघून, थकून ते रुळांवरच निजले होते. त्यांच्या शिदोरीच्या भाकरी रुळांवर विखुरल्या होत्या.

साथ ओसरली, परंतु दारिद्र्य साथीबरोबर जात नाही. रोजंदारीचा पैसा संध्याकाळी येतो आणि रात्री चुलीत जातो; त्यातून साठा होत नाही. नवराबायकोच्या कोयत्याने मुकादमाकडून घेतलेली उचल कामाने फिटते. काम थांबले की ती पुढल्या हंगामावर चढते. मग शेळी विकली जाते, मग अंगावरील मणी, आणि शेवटी मुलीची शाळा सुटते. सरकारने एप्रिल 2020 पासून टप्प्याटप्प्याने शिधापत्रिकेवर माणशी महिन्यास 5 किलो धान्य फुकट दिले, त्याबद्दल आम्ही देवाचे आभार मानितो. परंतु धान्याने चूल पेटते, सावकाराचे व्याज थांबत नाही.

आता दुसऱ्याच्या अंगणात दोष शोधण्यापूर्वी आपण आपल्याच घरात दिवा लावू. त्या उन्हाळ्यात पुष्कळ गावांनी वेशीवर काटेरी फांद्या टाकिल्या. रोगाची भीती खोटी नव्हती, आणि अंतर राखणे तेव्हा कर्तव्यच होते. तथापि दूर ठेवणे आणि टाकून देणे ह्यांत फार फरक आहे. गावाबाहेर शाळेच्या ओसरीवर ठेविलेल्या भावास आपल्यापैकी कोणी भाकर पोचविली, ते देवास ठाऊक आहे. कोणी खिडकी लावून घेतली, तेही ठाऊक आहे. हात पुष्कळ आणि काम थोडे असे पाहून ज्याने आपल्या रानातील खुरपणीची मजुरी पाडली असेल, त्याने हा दाखला पुन्हा एकदा वाचावा. शेवटच्या तासास आलेले मजूर दाखल्यातील धन्यालाही स्वस्तात मिळाले असते. तरी त्याने पूर्ण नाणे दिले, कारण त्या नाण्यात एका घराचे एका दिवसाचे अन्न होते. तास मोजून न थांबता त्याने उपाशी मुलेही मोजली.

तर बंधूंनो, आपण काय करावे? दसरादिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या गाड्या पुन्हा भरतील. त्यापूर्वी उपदेशक बंधूंनी प्रत्येक घरी जाऊन उचलीचा हिशेब वहीत लिहून द्यावा, आणि ज्यास अक्षर येत नाही त्यास तो वाचून दाखवावा. जी मुले मागे राहू शकतील, त्यांस मंडळीतील कुटुंबांनी आपल्या घरी ठेवून घ्यावे, म्हणजे त्यांची शाळा मोडणार नाही. प्रत्येक बहिणीने स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य मडक्यात टाकावे, आणि ते मडके ज्या घरी काम नाही त्या घरी जावे. ज्याच्या रानात मजूर आहेत त्याने त्यांची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी चुकवावी. मोशेच्या नियमशास्त्रातील ती आज्ञा (अनुवाद 24:15) आजही आपणांवर आहे.

आपणही सारे शेवटच्या तासास बोलाविलेले मजूर आहो. आपल्या कष्टाच्या मानाने देवाने मजुरी दिली असती, तर आपल्या पदरात काय पडले असते? ज्यास कृपेने पूर्ण नाणे मिळाले, त्याने भावाच्या हातावर अर्धे ठेवू नये.

हे दयाळू बापा, ज्यांस कोणी बोलाविले नाही, त्यांस तू बोलाविलेस. त्यांच्या दारी जाण्यास आमचे पाय हालव, आणि आमची मूठ उघड. आमेन.